न सोडलेल्या धुराचा बाजार

८ मार्च २००५ रोजी गुजरातच्या पंचमहाल जिल्ह्यातल्या रणजितनगर येथील एका रसायन कारखान्याचा प्रकल्प संयुक्त राष्ट्रांच्या दप्तरी नोंदवला गेला. क्योटो करार अमलात येऊन तेव्हा तीन आठवडेही झाले नव्हते. कारखाना एचसीएफसी-२२ हा वातानुकूलन यंत्रांत वापरला जाणारा वायू बनवत होता. तो बनताना एचएफसी-२३ नावाचा आणखी एक वायू थोड्या प्रमाणात आपसूक तयार होतो. त्याला फारसं गिऱ्हाईक नव्हतं आणि तो हवेत सोडायला कायद्याची आडकाठीही नव्हती. नोंदवलेला प्रकल्प सरळ होता: हा वायू बाहेर न सोडता भट्टीत जाळायचा. मोबदल्यात कारखान्याला वर्षाकाठी सुमारे ३० लाख कार्बन क्रेडिट्स मिळणार होती आणि त्यांना परदेशी गिऱ्हाईक तयार होतं.

जगातल्या पहिल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय कार्बन बाजारातल्या अगदी सुरुवातीच्या नोंदींपैकी ही एक. पुढच्या दशकात या बाजारात हजारो प्रकल्प आले, कोट्यवधी युरोंची उलाढाल झाली आणि दशक संपायच्या आत बाजार कोसळलाही. आज पॅरिस कराराखाली दुसरा बाजार उभा राहतो आहे आणि भारत स्वतःचा बाजार उभारतो आहे. अशा वेळी पहिल्या बाजाराचं नेमकं काय चुकलं, हे कागदपत्रांतून आणि आकड्यांतून समजून घेणं अगत्याचं आहे.

शिकागोतला लिलाव

प्रदूषणाचा बाजार मांडायची कल्पना क्योटोच्या आधीची. अमेरिकेतल्या कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रांतून निघणाऱ्या सल्फर डायऑक्साइडमुळे आम्लवर्षा होत होती, तळी आणि जंगलं मरत होती. १९९० साली अमेरिकी संसदेने कायदा केला आणि सल्फर डायऑक्साइडचं उत्सर्जन १९८०च्या पातळीपेक्षा वर्षाला १ कोटी टनांनी खाली आणायचं ठरवलं. प्रत्येक केंद्राला ठरावीक टनांचे परवाने मिळाले. ज्याने धूर कमी केला त्याने उरलेले परवाने विकावेत, ज्याला जमलं नाही त्याने विकत घ्यावेत. मार्च १९९३मध्ये शिकागो बोर्ड ऑफ ट्रेडमध्ये या परवान्यांचा पहिला लिलाव झाला आणि १९९५पासून पहिल्या टप्प्यातल्या ११० वीजकेंद्रांना मर्यादा लागू झाली.

ही योजना यशस्वी झाली. २०१० सालासाठी ठरवलेली मर्यादा केंद्रांनी २००७ सालीच गाठली आणि खर्चही सुरुवातीच्या अंदाजांपेक्षा बराच कमी आला. यामागची कारणं पुढच्या सगळ्या कथेला लागू पडतात. एक, एकूण उत्सर्जनाला कायद्याची पक्की मर्यादा होती. दोन, धुराड्यांत सतत मोजणारी यंत्रं बसवलेली होती, त्यामुळे किती टन बाहेर पडले यावर वाद नव्हता. तीन, परवान्यापेक्षा जास्त धूर सोडणाऱ्याला प्रत्येक जादा टनामागे २,००० डॉलर दंड होता आणि तो दर महागाईबरोबर वाढत जाई. शिवाय तेवढे परवाने पुढच्या वर्षाच्या खात्यातून कापले जात.

बाजाराने इथे उत्तम काम केलं. पण बाजाराच्या पायाखाली कायदा, मोजमाप आणि दंड हे तीन चिरे आधी बसवलेले होते.

क्योटोतली अनपेक्षित निष्पत्ती

डिसेंबर १९९७मध्ये जपानच्या क्योटो शहरात वाटाघाटी सुरू झाल्या तेव्हा ब्राझीलचा एक प्रस्ताव टेबलावर होता. औद्योगिक देशांनी ठरलेली मर्यादा ओलांडली तर त्यांनी दंड भरावा आणि त्यातून उभ्या राहणाऱ्या निधीतून विकसनशील देशांत स्वच्छ तंत्रज्ञान आणावं, असा त्याचा आशय होता. श्रीमंत देशांना दंडाची भाषा मान्य नव्हती. वाटाघाटींच्या घुसळणीत या प्रस्तावाचं रूप पालटलं. दंड गेला, व्यापार आला. निधीच्या जागी ‘स्वच्छ विकास यंत्रणा’, म्हणजे सीडीएम, जन्माला आली.

क्योटो कराराने औद्योगिक देशांवर २००८ ते २०१२ या काळात आपलं उत्सर्जन १९९०च्या तुलनेत सरासरी सुमारे ५ टक्क्यांनी कमी करण्याचं बंधन घातलं. विकसनशील देशांवर बंधन नव्हतं आणि ते न्याय्यच होतं, कारण वातावरणात साठलेला बहुतांश कार्बन त्यांचा नव्हता. सीडीएमने या दोन गटांत पूल बांधला. भारतातल्या, चीनमधल्या किंवा होंडुरासमधल्या प्रकल्पाने एक टन कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन टाळलं की त्याला एक क्रेडिट मिळेल. युरोपातली कंपनी ते विकत घेईल आणि घरी एक टन जास्त सोडेल. टन इथे टळला काय नि तिथे टळला काय, पृथ्वीला सारखंच, हा त्यामागचा हिशोब. २००१मध्ये मोरोक्कोतल्या माराकेश इथे याचे तपशीलवार नियम ठरले. त्याच वर्षी अमेरिकेने करारातून अंग काढून घेतलं. २००५पासून युरोपचा स्वतःचा उत्सर्जन बाजार सुरू झाला आणि सीडीएमच्या मालाला तोच मुख्य गिऱ्हाईक ठरला.

कागदावर पूल मजबूत दिसत होता. पण अमेरिकेच्या योजनेतला पहिला चिराच इथे बसवलेला नव्हता. विकणाऱ्याच्या बाजूला एकूण मर्यादा नव्हती. मग किती टन टाळले, हे ठरवायचं कशाच्या तुलनेत? नियमांनी उत्तर दिलं: प्रकल्प झाला नसता तर जे घडलं असतं त्याच्या तुलनेत. म्हणजे मोजायची होती न घडलेली गोष्ट. ती धुराड्यात यंत्र बसवून मोजता येत नाही. ती अहवालात लिहावी लागते, आणि लिहिणाऱ्याचा तिच्यात स्वार्थ असतो.

इथे या बाजाराचं मूळ दुखणं आहे. मोंढ्यात ज्वारी घेणारा मूठभर दाणे तळहातावर घेऊन पारखतो, कारण माल किडका निघाला तर नुकसान त्याचं. कार्बन क्रेडिट घेणाऱ्याला अशी पारख करण्याची गरजच नसते. क्रेडिटमागचा टन खरा असो वा खोटा, कायद्याच्या खात्यात तो सारखाच जमा होतो. विकणाऱ्याला आकडा फुगलेला हवा आणि घेणाऱ्याला माल स्वस्त हवा. दोघांच्या फायद्याचा एकच मार्ग असतो, ढिला हिशोब. नुकसान होतं ते वातावरणाचं आणि त्यावर अवलंबून असलेल्या सगळ्यांचं, पण सौद्याच्या बैठकीत त्यांच्या वतीने बोलणारं कुणी नसतं.

भट्टीतला वायू

एचएफसी-२३ची गोष्ट या दुखण्याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण आहे, म्हणून तिचा हिशोब नीट मांडायला हवा. वातावरण तापवण्याच्या बाबतीत या वायूचा एक टन कार्बन डायऑक्साइडच्या ११,७०० टनांबरोबरीचा धरला गेला. एक टन एचसीएफसी-२२ बनवताना साधारण ३ टक्के, म्हणजे ३० किलो एचएफसी-२३ निघतो असं मानू. हा ३० किलो वायू जाळला की ३५१ क्रेडिट्स होतात. क्रेडिटला १० युरो भाव धरला तरी ३,५१० युरो झाले. जाळण्याचा खर्च मात्र प्रत्येक क्रेडिटमागे एका युरोहूनही कमी होता.

२००७मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातले अभ्यासक मायकेल वारा यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात हे गणित जगापुढे ठेवलं. एचएफसी-२३ जाळून मिळणाऱ्या क्रेडिट्सचं मोल ४.७ अब्ज युरोपर्यंत जाणार होतं. भट्ट्या बसवण्याचा खर्च थेट दिला असता तर १० कोटी युरोंच्या आत काम झालं असतं. कारखान्यांना मूळ माल विकून जेवढं मिळत होतं, त्याच्या जवळजवळ दुप्पट पैसा टाकाऊ वायू जाळून मिळत होता. जगभरात असे प्रकल्प होते फक्त १९. तरीही २०१०पर्यंत दिल्या गेलेल्या एकूण क्रेडिट्सपैकी सुमारे निम्मी या मूठभर कारखान्यांची होती. चीनने निदान एवढं केलं की या उत्पन्नातला ६५ टक्के वाटा सरकारी निधीत जमा करायला लावला.

टाकाऊ वायू असा सोन्याच्या मोलाचा झाला की तो कमी तयार व्हावा असं कोणत्या कारखानदाराला वाटेल? नियम करणाऱ्यांना ही भीती आधीपासून होती. म्हणून जुन्याच कारखान्यांना, जुन्याच उत्पादनाच्या मर्यादेत आणि ३ टक्क्यांपर्यंतच क्रेडिट मिळेल असे अंकुश घातले होते. पण २०१०मध्ये सीडीएमवर लक्ष ठेवणाऱ्या स्वयंसेवी संस्थांनी आणि लाम्बर्ट श्नायडर यांच्यासारख्या संशोधकांनी कारखान्यांच्याच नोंदी तपासल्या आणि वेगळंच चित्र पुढे आलं. ज्या काळात क्रेडिट मिळत नव्हतं त्या काळात काही कारखान्यांत टाकाऊ वायूचं प्रमाण घटत होतं आणि क्रेडिट सुरू झालं की ते वाढत होतं. रशियातल्या अशाच कारखान्यांतही क्रेडिट मिळू लागल्यावर टाकाऊ वायू पूर्वी कधी नव्हता इतका वाढल्याचं २०१५मध्ये दाखवून देण्यात आलं. उत्सर्जन टाळल्याबद्दल पैसे देणाऱ्या योजनेमुळे टाळण्याजोगं उत्सर्जनच वाढलं होतं.

जानेवारी २०११मध्ये युरोपने या क्रेडिट्सवर बंदी ठरवली आणि ती मे २०१३पासून लागू झाली. त्यानंतरची घटना मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत बोलकी वाटते. ऑक्टोबर २०१६मध्ये रवांडातल्या किगाली इथे ओझोन थर वाचवण्यासाठीच्या मॉन्ट्रियल कराराची दुरुस्ती होत असताना भारत सरकारने देशातल्या एचसीएफसी-२२ उत्पादकांना आदेश दिला की हा वायू यापुढे स्वखर्चाने जाळा. ज्या कामासाठी जगाने अब्जावधी मोजले ते काम एका सरकारी आदेशाने होऊ शकत होतं. अर्थात आदेश काढून भागत नाही, पाळत ठेवावी लागते. २०१८मध्ये जगाच्या हवेत एचएफसी-२३ची भर पूर्वीच्या कोणत्याही वर्षापेक्षा जास्त पडल्याचं वातावरणातल्या प्रत्यक्ष मोजणीतून दिसलं. देशांनी दिलेल्या अहवालांशी ते जुळत नव्हतं.

सह्याद्रीच्या पठारावर

वायूचा हिशोब निदान किलोत करता येत होता. पवनचक्क्यांचा प्रश्न अधिक अवघड होता. साताऱ्याच्या चाळकेवाडी-वनकुसवडेच्या पठारावर नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून आणि पुढे धुळ्याच्या साक्री तालुक्यातही पवनचक्क्या उभ्या राहू लागल्या. त्या स्वच्छ वीज देतात याबद्दल शंका नाही. पण सीडीएमचा सवाल वेगळा होता: क्रेडिटचा पैसा नसता तर त्या उभ्या राहिल्या असत्या का? या कसोटीला ‘अतिरिक्तता’ म्हणतात आणि सगळ्या यंत्रणेचा डोलारा तिच्यावर उभा होता.

महाराष्ट्रात तेव्हाची स्थिती पाहा. पवनचक्कीच्या किमतीतला ८० टक्के घसारा पहिल्याच वर्षी करातून वजा करता येत होता. राज्य वीज नियामक आयोगाच्या २००३च्या आदेशाने पवनविजेला पहिल्या वर्षी युनिटमागे साडेतीन रुपये आणि त्यावर दरवर्षी १५ पैसे वाढ असा दर ठरला होता. नफ्यातल्या कंपन्यांना पवनचक्की घेणं क्रेडिटशिवायही परवडत होतं. सातारा, सांगली, धुळे या जिल्ह्यांतल्या अनेक प्रकल्पांनी सीडीएमसाठीही नोंदणी केली आणि क्रेडिटविना प्रकल्प तोट्यात जाईल असे तक्ते जोडले. यातल्या कोणत्या पवनचक्कीला खरोखर क्रेडिटचा आधार लागला आणि कोणतीला नाही, हे कार्यालयात बसून ठरवणं कुणालाही अशक्य होतं.

राफाएल कालेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातल्या पवनप्रकल्पांचा एकत्रित अभ्यास केला. सीडीएम मिळालेल्या अनेक प्रकल्पांची स्थिती सीडीएमविना उभ्या राहिलेल्या प्रकल्पांपेक्षाही फायद्याची होती. त्यांच्या हिशोबाने किमान ५२ टक्के क्रेडिट्स अशा प्रकल्पांना गेली होती जे बहुधा एरवीही उभे राहिलेच असते. युरोपीय आयोगासाठी जर्मनीच्या ओको संस्थेने २०१६मध्ये केलेल्या परीक्षणाचा निष्कर्ष आणखी कडक होता. तपासलेल्या प्रकल्पांपैकी ८५ टक्क्यांबाबत, त्यांची घट खरी, अतिरिक्त आणि न फुगवलेली असण्याची शक्यता कमी होती. ती शक्यता भरपूर असलेले प्रकल्प होते अवघे २ टक्के.

असे एक-दोन नव्हे, हजारो प्रकल्प मंजूर झाले, कारण तपासणाऱ्याचा पगार तपासल्या जाणाऱ्याच्या खिशातून येत होता. प्रकल्पाची शहानिशा करणारी कंपनी प्रकल्पाचा मालक निवडायचा आणि तिचं बिलही तोच भागवायचा. कडक शेरा मारला तर पुढचं काम दुसऱ्या कंपनीला जाण्याची भीती. संयुक्त राष्ट्रांच्या मंडळाने नोव्हेंबर २००८मध्ये नॉर्वेची डीएनव्ही आणि सप्टेंबर २००९मध्ये एसजीएस या नामवंत तपासनीस कंपन्यांची मान्यता कामातल्या त्रुटींवरून काही काळ स्थगित केली. पण ठपका एखाद-दुसऱ्या कंपनीवर ठेवून प्रश्न सुटणारा नव्हता, कारण दोष रचनेचा होता.

तो दोष दुरुस्त होऊ शकतो याचा पुरावा गुजरातेतच मिळाला. तिथल्या कारखान्यांच्या प्रदूषणाचे लेखापरीक्षक कारखानदारच नेमत आणि त्यांचे आकडे कायद्याच्या मर्यादेच्या किंचित खाली येऊन थांबत. २००९ ते २०११ या काळात एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन या अर्थतज्ज्ञांनी प्रदूषण नियंत्रण मंडळाबरोबर एक प्रयोग केला. काही कारखान्यांसाठी लेखापरीक्षक चिठ्ठ्या टाकल्यासारखे नेमले, त्यांचं मानधन एका सामायिक निधीतून दिलं आणि त्यांच्या काही मोजण्या पुन्हा करून पाहिल्या. तेच परीक्षक खरे आकडे देऊ लागले. आणि आकडे खरे आल्यावर कारखान्यांनी प्रदूषणही कमी केलं.

बाजार कोसळला

२००८च्या मध्यावर क्रेडिटचा भाव २० युरोंच्या वर गेला होता. २०१२ संपता संपता तो एका युरोच्याही खाली आला. युरोपात मंदी आली होती, युरोपच्या स्वतःच्या बाजारात परवाने गरजेपेक्षा जास्त वाटले गेले होते, क्योटोच्या दुसऱ्या टप्प्यातून जपान, रशिया, कॅनडा बाहेर राहिले आणि पुरवठा मात्र वाढतच होता. रशिया आणि युक्रेनमधून क्योटोच्याच दुसऱ्या एका यंत्रणेखाली स्वस्त क्रेडिट्सचा लोंढा आला. स्टॉकहोम पर्यावरण संस्थेच्या २०१५च्या अभ्यासानुसार त्या यंत्रणेमुळे जगाचं उत्सर्जन सुमारे ६० कोटी टनांनी वाढलेलं असू शकतं.

या पडझडीत प्रामाणिक प्रकल्पही गाडले गेले. सप्टेंबर २०१२मध्ये सीडीएमचं एक अब्जावं क्रेडिट भारतातल्याच एका कारखान्याला मिळालं. त्याने कोळसा आणि तेल सोडून आसपास गोळा केलेल्या जैवइंधनावर काम सुरू केलं होतं. अशा कामाला लागणारा आधार एका वर्षात नाहीसा झाला. बहुतेक प्रकल्पांच्या क्रेडिट्सपैकी २ टक्के अनुकूलन निधीत जात आणि त्यातून दुष्काळ, पूर, वाढता समुद्र यांना तोंड देणाऱ्या गरीब वस्त्यांना मदत मिळे. भारतात ही मदत नाबार्डमार्फत येते. भाव कोसळला तशी या निधीची मिळकतही आटली. खोट्या टनांनी बाजार बुडवला तेव्हा त्याची किंमत ज्यांचा त्यात काहीच हात नव्हता त्यांनीही मोजली.

पॅरिस ते बाकू

डिसेंबर २०१५च्या पॅरिस कराराच्या कलम ६ने बाजाराला पुन्हा वाट दिली, पण नियम ठरायला पुढची सहा वर्षं लागली. २०१८मध्ये पोलंडच्या कातोवित्सेत आणि २०१९मध्ये माद्रिदमध्ये बोलणी फिसकटली. वादाचे मुद्दे दोन. एकच टन विकणाऱ्या देशानेही आपल्या खात्यात धरायचा का? आणि सीडीएमची जुनी पडून असलेली क्रेडिट्स नव्या बाजारात चालवायची का? नोव्हेंबर २०२१मध्ये ग्लासगोत तोडगा निघाला. विकलेला टन विकणाऱ्या देशाने आपल्या हिशोबातून वजा करायचा. क्रेडिट्समधला ५ टक्के वाटा अनुकूलनासाठी द्यायचा आणि २ टक्के क्रेडिट्स कायमची रद्द करायची. जुनी क्रेडिट्स चालतील, पण २०१३पासून नोंदवलेल्या प्रकल्पांचीच. नोव्हेंबर २०२४मध्ये बाकूत बहुतेक उरलेले नियम मार्गी लागले.

दुहेरी मोजणीचा प्रश्न यामुळे बराचसा सुटला, कारण आता जवळजवळ प्रत्येक देशाचं स्वतःचं उद्दिष्ट आहे. पण उद्दिष्टच ढिलं असेल तर विकण्यासारखे टन पुन्हा फुकटात तयार होतील. आणि तपासनीसाचं बिल कोण भागवतो, हा प्रश्न अजून जिथल्या तिथेच आहे.

आता पाळी भारताची आहे. २०२२मध्ये ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली आणि जून २०२३मध्ये केंद्राने देशाच्या कार्बन क्रेडिट व्यापार योजनेची अधिसूचना काढली. पाया म्हणून आपल्याकडे सुरतचा अनुभव आहे. २०१९मध्ये तिथे धुराड्यातल्या धूलिकणांचा बाजार सुरू झाला. पक्की मर्यादा, सतत मोजणारी यंत्रं आणि दंड या तिन्ही गोष्टी त्यात होत्या आणि सहभागी कारखान्यांचं प्रदूषण २० ते ३० टक्क्यांनी घटलं. शिकागोत जे चिरे कामी आले, तेच सुरतेतही आले.

म्हणून मागणी स्पष्ट करायला हवी. तपासनीस कारखानदाराने निवडू नये. नियामकाने तो चिठ्ठीने नेमावा आणि मानधन सामायिक निधीतून द्यावं. जे काम साध्या आदेशाने होऊ शकतं त्याला क्रेडिट देऊ नये. परदेशात विकायचा असेल तो सर्वांत अवघड टन विकावा, सोपे टन देशाच्या उद्दिष्टासाठी राखावेत, नाहीतर पुढच्या पिढीच्या वाट्याला फक्त महागडी कामं उरतील. आणि प्रत्येक प्रकल्पाचे आकडे कोणाही नागरिकाला, पत्रकाराला, विद्यार्थ्याला पाहता येतील असे उघड ठेवावेत. एचएफसी-२३चा घोटाळा बाहेर आला तो कारखान्यांच्या नोंदी जाहीर होत्या म्हणूनच. कार्बन बाजार वाईट नाही. पण वातावरणाच्या बाजूने हिशोब ठेवणारा स्वतंत्र माणूस ज्या बाजारात नाही, तो बाजार उघडूच नये.